पेन्शन एकाची, संसार दोघांचा

माणूस अठ्ठावन्न वर्षांचा झाला की कारखान्याच्या दारात त्याला हार घालतात, खांद्यावर शाल टाकतात, दोन सहकारी चार चांगले शब्द बोलतात आणि तो घरी येतो. त्या दिवसापासून तो निवृत्त. पण त्याच्याच घरात जी बाई चाळीस वर्षे पहाटे पाच वाजता उठते, तिला हार कोण घालतो? ती कोणत्या तारखेला निवृत्त होते?

खरे सांगायचे तर हा प्रश्न आम्हालाही कधी पडला नव्हता. आम्ही कचेरीत हिशेब लिहिणारी माणसे. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, एवढेच पाहण्याची डोळ्यांना सवय. परंतु २०२० सालच्या टाळेबंदीत शेजारच्या चाळीतील एका वृद्ध जोडप्याची घरखर्चाची वही आमच्या हाती आली आणि जमाखर्चाचे आमचे शिक्षण किती अपुरे आहे, ते कळले. त्या वहीची ही हकीकत आहे. दोघांची नावे येथे देत नाही. चाळीत सारे त्यांना काका-काकू म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.

सोळा बाय दहाची खोली

वरळीच्या बीडीडी चाळी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना वेगळे वर्णन नको. ब्रिटिश अमदानीत, १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळी. एकट्या वरळीत त्या १२१ होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस खोल्या, मधून पॅसेज आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारे. खोली १६० चौरस फुटांची. त्यातच मोरी, त्यातच स्वयंपाक, त्यातच झोपणे. शौचालय सर्वांचे मिळून.

काका एका कारखान्यात फिटर होते. २०१० साली निवृत्त झाले. टाळेबंदी लागली तेव्हा त्यांचे वय ६८ आणि काकूंचे ६२. मुलगा बदलापूरला, मुलगी सासरी. निवृत्तीनंतरचा काकांचा दिवस ठरलेला होता. सकाळी सहाला सी-फेसवर फेरी, मग मंडळाच्या वाचनालयात वर्तमानपत्र, अकराला घरी चहा-नाश्ता, दुपारी झोप आणि संध्याकाळी जांबोरी मैदानाच्या कठड्यावर जुन्या सोबत्यांशी गप्पा. चाळीतला पुरुष घरी असतो तो जेवायला आणि झोपायला. एवढ्याशा खोलीत दिवसभर बसणार तरी कुठे? त्यामुळे आपल्या घरात दिवसभर काय घडते, हे काकांनी निवृत्तीनंतर दहा वर्षांतही पाहिलेले नव्हते.

२२ मार्च २०२० रोजी जनता कर्फ्यू झाला आणि त्याच रात्रीपासून लोकल बंद झाली. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता एकवीस दिवसांच्या टाळेबंदीची घोषणा झाली. पुढच्या काही दिवसांतच वरळी कोळीवाडा सील झाला. एप्रिलच्या सुरुवातीला मुंबईत रुग्णसंख्येच्या बाबतीत आमचा जी दक्षिण विभाग सर्वांत पुढे होता. वर्तमानपत्रही काही दिवस येईना. ६५ वर्षांवरील मंडळींनी घराबाहेर पडू नये, असे रोज टीव्हीवर सांगत होते. काकांना त्यात मधुमेह. सी-फेस गेला, कठडा गेला, वाचनालय गेले. उरली ती सोळा बाय दहाची खोली आणि त्या खोलीत आधीपासून कामात असलेली काकू.

भोंगा नसलेला कारखाना

पहिले आठ दिवस काकांनी टीव्ही पाहण्यात आणि चिडण्यात घालवले. चहा तीन वेळा मागितला की चौथ्यांदा काकू बोलायच्या, "अहो, दूध उद्यापर्यंत पुरवायचे आहे." मग दोघांत कुरबुर. चाळीत भिंती पातळ नसल्या तरी दारे उघडी असतात. पॅसेजमध्ये सारे ऐकू जायचे.

एप्रिलच्या दोन तारखेला काकांनी एक गंमत केली. फिटरला वेळ मोजायची सवय. घरखर्चाच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी काकूंचे दिवसभराचे काम घड्याळ पाहून लिहून काढले. पहाटे पाचला पाणी भरणे. पावणेसहाला केर आणि चहा. साडेसहाला भांडी. त्यानंतर आंघोळीचे पाणी, कपडे, नाश्ता, डाळ-तांदूळ निवडणे, स्वयंपाक, पुन्हा भांडी, मोरी घासणे, शेजारच्या बाळंतिणीला तेल-पाणी, संध्याकाळचा चहा, दिवाबत्ती, पुन्हा स्वयंपाक, पुन्हा भांडी, अंथरूण. शेवटची नोंद रात्री दहाची. खाली त्यांनी बेरीज केली होती: एकूण वेळ सतरा तास, त्यात बसणे दीड तास.

ते पान आम्हाला दाखवताना काका म्हणाले, "आमच्या कारखान्यात आठ तास झाले की भोंगा व्हायचा. त्यापुढे काम केले तर ओव्हरटाइम. हिच्या कारखान्याला भोंगाच नाही हो!"

गंमत म्हणून लिहिलेले ते पान वाचून काका स्वतःच ओशाळले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून त्यांनी पाणी भरले. मग भांडी. मग पोळ्या लाटायला बसले. लोखंड सुताइतके अचूक कापणाऱ्या त्या हातांना पोळी काही गोल करता येईना. पहिल्या दिवशीच्या पोळ्या पाहून काकू हसून हसून बेजार झाल्या. "नकाशा काढला की काय?" असे म्हणाल्या. परंतु त्या पोळ्या त्यांनीच आवडीने खाल्ल्या, हेही काकांनी आम्हाला अभिमानाने सांगितले.

ती बाहेर, तो घरात

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जनधन खातेदार महिलांच्या खात्यावर केंद्र सरकारकडून पाचशे रुपये जमा झाले. एप्रिल, मे, जून असे तीन महिने ते यायचे होते. बँकांत गर्दी नको म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस ठरवून दिलेले. काकूंचे खाते काकांनीच फॉर्म आणून उघडले होते. पासबुक मात्र पत्र्याच्या ट्रंकेत. काकू सातवी शिकलेल्या, सही स्वच्छ करतात. पण बँकेची पायरी त्या खाते उघडताना एकदाच चढल्या होत्या, तीही काकांच्या मागे उभे राहून.

आता काकांना बाहेर पडायची बंदी आणि पैसे काढायला सही काकूंची लागणार. काकूंनी साडीचा पदर तोंडाला गुंडाळला, पासबुक पिशवीत घातले आणि त्या एकट्या निघाल्या. अडीच तास रांगेत उभ्या राहिल्या. स्लिप कशी भरायची ते पुढच्या एका मुलीला विचारले. पाचशेची नोट घेऊन घरी आल्या तेव्हा काका दारात उभे होते. "मला वाटले, तुला जमते की नाही," ते म्हणाले. काकूंचे उत्तर असे: "चाळीस वर्षे दहा रुपयांत बाजार करून दाखवला, पाचशे काढायला काय जमणार नाही?"

तेव्हापासून घराची घडीच बदलली. रेशन काकूंनी आणायचे, दवाखान्यातून काकांच्या साखरेच्या गोळ्या काकूंनी आणायच्या, काकांच्या पेन्शनच्या खात्याचे एटीएम कार्डही काकू वापरू लागल्या. आणि घरातले पाणी, भांडी, डाळ-भात काकांकडे आले. पॅसेजमधले काही पुरुष प्रारंभी हसले. "काय काका, पाळी बदलली वाटते?" काका म्हणायचे, "होय, आता माझी रात्रपाळी आणि दिवसपाळी दोन्ही."

१४ एप्रिलचा दिवस आमच्यातील कोणीही विसरणार नाही. बाबासाहेबांची जयंती आणि रस्त्यावर माणूस नाही, मिरवणूक नाही, असे आम्ही आयुष्यात प्रथमच पाहिले. सकाळी प्रत्येक जण आपापल्या दारात उभा राहिला आणि पॅसेजमध्ये सर्वांनी मिळून त्रिसरण-पंचशील घेतले. दोन दारांत अंतर होते, पण आवाज एक होता. दहा वाजता टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढवल्याची घोषणा झाली. "म्हणजे अजून एकोणीस दिवस," काकू म्हणाल्या. त्या दिवशीची खीर काकांनी केली होती. ती थोडी लागली होती, पण शेजारच्या चार घरी वाटीवाटीने पोहोचली.

वहीतील 'किरकोळ'

त्या काळात आम्ही मंडळाच्या कार्यकर्त्यांबरोबर गरजू कुटुंबांना शिधा पोहोचवीत होतो. नाक्यावर काम शोधणारे, घरकाम करणाऱ्या भगिनी, फेरीवाले, रिक्षावाले अशांची यादी आम्ही तयार केली होती. त्या यादीत काका-काकूंचे नाव नव्हते. ते आम्हीच घातले नव्हते. "त्यांना पेन्शन आहे, मुलगा कमावता आहे, त्यांना काय कमी?" असे आमच्यापैकी एकाने म्हटले आणि आम्ही मान डोलावली. ही चूक आमची होती, म्हणून ती येथे लिहून ठेवीत आहोत.

एप्रिलच्या अखेरीस काकांचा फोन आला. पोस्टातील ठेवीबद्दल त्यांना विचारायचे होते. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशांतून दोन लाख रुपये त्यांनी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले होते. पाच वर्षांनी, म्हणजे एप्रिल २०१५ मध्ये, ते पुन्हा ठेवले, तेव्हा व्याजाचा दर ९.३ टक्के होता. त्याची मुदत नेमकी एप्रिल २०२० मध्ये संपली आणि १ एप्रिलपासून नवा दर झाला ७.४ टक्के. वर्षाला १८,६०० रुपये मिळत होते, ते आता १४,८०० मिळणार. आम्ही दारात अंतर राखून उभे राहिलो आणि काकांनी सारा हिशेब समजावा म्हणून वही पुढे केली.

जमेच्या बाजूला चार ओळी होत्या. भविष्य निर्वाह निधीची पेन्शन २,११८. पोस्टाचे व्याज महिन्याकाठी १,५५०. मुलाकडून २,०००. आणि शेवटची ओळ: किरकोळ २,६००. एकूण ८,२६८ रुपये.

टाळेबंदीनंतरचा हिशेब आम्ही उभ्या उभ्या मांडला. मुलगा खाजगी गाडीवर चालक, त्याचा पगार थांबला. त्याचे दोन हजार गेले. व्याज १,२३३ वर आले. किरकोळ शून्य. उरले ३,३५१ रुपये. जनधनचे पाचशे धरले तरी ३,८५१. त्यात दोन माणसांचे खाणे, गॅस, वीज, औषधे. रेशनकार्ड केशरी असल्याने मोफत धान्याच्या योजनेत त्यांचा समावेश नव्हता. पुढे मे महिन्यात राज्य सरकारने केशरी कार्डावर माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी दिले, तेव्हा दोघांचे मिळून दहा किलो धान्य ९६ रुपयांत आले. तोपर्यंत मात्र दुकानाच्याच भावाने खरेदी चालू होती. आणि आम्ही म्हणत होतो, यांना काय कमी!

हिशेब पाहताना आम्ही सहज विचारले, "काका, हे किरकोळ २,६०० कसले?"

"ते हिचे पोळ्यांचे."

मग कळले. काका निवृत्त झाल्यापासून काकू जवळच्या एका पोळीभाजी केंद्राला रोज पन्नास पोळ्या लाटून देत होत्या. पीठ केंद्राचे, गॅस आणि मेहनत काकूंची. एका पोळीमागे दोन रुपये. दिवसाचे शंभर, महिन्याचे सव्वीस दिवस. टाळेबंदीत केंद्र बंद पडले आणि पोळ्याही थांबल्या.

कारकुनाची सवय जात नाही. आम्ही त्यातून निम्म्या सिलिंडरचे चारशे रुपये वजा केले. उरले २,२००. काकांची पेन्शन २,११८. म्हणजे ज्या ओळीला वहीत नावही नव्हते, ती ओळ घरातील सर्वांत मोठी होती. वजाबाकी आम्ही मोठ्याने वाचून दाखवली आणि काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "निवृत्त मी झालो आणि घर हिने चालवले. आणि मी दहा वर्षे 'किरकोळ' लिहीत आलो."

दुसऱ्या दिवशी शिध्याची पिशवी घेऊन आम्ही गेलो. काकांनी हात जोडले. "ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना द्या, आम्हाला पेन्शन आहे." स्वाभिमानी माणूस. आम्ही परत फिरणार इतक्यात आतून काकू पुढे आल्या. "तुम्हाला नको असेल तर राहू द्या. मला हवी. डाळ परवाच संपली आहे." त्यांनी पिशवी आत नेली. आम्हाला वाटते, त्या घरात खरा हिशेब कोणाला ठाऊक होता, ते त्या क्षणी स्पष्ट झाले.

काकांनी मात्र एक अट घातली. "फुकट घेणार नाही. मला काहीतरी काम द्या." आम्ही त्यांच्याकडे चार चाळींतील एकट्या-दुकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी दिली, एकतीस नावांची. काका रोज संध्याकाळी एकेकाला फोन करू लागले. गोळ्या आहेत का? पाणी मिळाले का? मुलाचा फोन आला का? ज्याला गरज असेल त्याचे नाव आम्हाला कळवायचे. आम्ही तरुण कार्यकर्ते वृद्धांना जपायच्या गोष्टी करीत होतो. त्यांना कामही हवे असते, हे आम्हाला सुचले नव्हते. त्या कामानंतर काकांची चिडचिड थांबली, असे काकूंनी सांगितले.

दहा दिवसांची रजा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंना ताप आला. तपासणी झाली, अहवाल पॉझिटिव्ह आला. बाहेरची सर्व कामे त्याच करीत होत्या. रुग्णवाहिका चाळीखाली उभी राहिली, तेव्हा पिशवीत दोन साड्या, दात घासायचा ब्रश, रक्तदाबाच्या गोळ्या आणि फोनचा चार्जर एवढेच होते. जिना उतरता उतरता त्या सांगत होत्या, "हळद डाव्या डब्यात, गहू दळून ठेवलेत, साखरेची गोळी जेवणाआधी." काका वरून म्हणाले, "मला माहीत आहे. तू जा."

आणि खरोखरच त्यांना माहीत होते. मार्चमध्ये हे घडले असते, तर त्यांना चहाची पूडही सापडली नसती.

काकांची तपासणी निगेटिव्ह आली, पण चौदा दिवस घरात राहायचे होते. शौचालय सर्वांचे एकच, हा मोठा पेच होता. चाळीच्या मुलांनी एक संडास काकांसाठी वेगळा ठेवला, रोज तो धुण्याचे काम आपापसांत वाटून घेतले, दूध आणि भाजी दाराशी ठेवली. ही एक बाजू. दुसरीही बाजू होती. काका पॅसेजमध्ये दिसले की दोन-तीन दारे धाडकन लागायची. ते गेले की एक जण त्यांच्या पावलांवर औषध शिंपायचा.

त्या रात्री काकांनी आम्हाला फोन केला. सातारा जिल्ह्यातील त्यांचे गाव. लहानपणी गावच्या हॉटेलाबाहेर त्यांच्यासाठी कानतुटक्या कपबशा वेगळ्या ठेवलेल्या असत. चहा पिऊन कप आपणच धुवायचा. ते आठवून म्हणाले, "दार लागले तेव्हा क्षणभर तेच वाटले. मग मनाची समजूत घातली. हा आजार आहे, चौदा दिवसांनी जाईल. ते जात नव्हते."

वाचक बंधू-भगिनींनो, त्या दिवसांत 'सामाजिक अंतर' हा शब्द सर्रास वापरला गेला. आपल्या आजोबा-पणजोबांनी ज्या अंतराविरुद्ध आयुष्य झिजवले, तोच शब्द आरोग्याच्या नावाने कानावर यावा, हे आम्हाला खटकत होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' हा शब्द अधिक योग्य असल्याचे म्हटले होते. शरीराने सहा फूट दूर राहून मनाने जवळ राहता येते, हे दाराशी दूध ठेवणाऱ्या मुलांनी दाखवून दिले. दार लावणाऱ्यांनाही आम्ही दोष देत नाही. भीती सर्वांनाच होती, घरात लहान मुले होती. परंतु भीतीलाही रीत असावी.

काकूंना महापालिकेने एनएससीआय डोममध्ये उभारलेल्या केंद्रात नेले होते. सुदैवाने आजार सौम्य राहिला, प्राणवायूची पातळी शेवटपर्यंत चांगली होती. रोज संध्याकाळी सातला दोघांचा फोन ठरलेला. काका काय रांधले ते सांगायचे: आज पिठले, आज मुगाची आमटी, आज भाकरी तव्याला चिकटली. काकू शेजारच्या खाटेवरील बायकांना ते ऐकवायच्या. त्या बायका म्हणायच्या, "आमच्या घरी हॉटेलही बंद, आमच्यांनी काय खाल्ले असेल देव जाणे." त्यांतील एक तर नवरा उपाशी असेल म्हणून रडत होती. आजारी ती, आणि चिंता त्याच्या जेवणाची!

दहा दिवसांनी काकू परत आल्या. आम्ही दारातून विचारपूस केली, तेव्हा त्या म्हणाल्या, "सकाळी नाश्ता, दुपारी ताट, रात्री ताट, सगळे हातात. लग्न झाल्यापासून सलग दहा दिवस आयते जेवण मला कधी मिळाले नव्हते. आजारी पडले तेव्हा रजा मिळाली बघा." त्या हसून बोलल्या. आम्हाला मात्र हसू आले नाही. आमच्या आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. चाळीस वर्षांच्या नोकरीत पहिली रजा, आणि तीही महामारीच्या केंद्रात!

खोलीत पाऊल टाकले तेव्हा पाणी भरलेले होते, मोरी घासलेली होती, ताटात भाकरी होती. भाकरी गोल नव्हती, पण नीट शेकलेली होती.

न बोललेली गोष्ट

त्या आजारपणाने दोघांना एक गोष्ट बोलायला भाग पाडले. ती गोष्ट आपल्या घराघरांत टाळली जाते. एक जण गेला तर दुसऱ्याने काय करायचे?

त्या वर्षी हयातीचा दाखला देण्याची मुदत २८ फेब्रुवारी २०२१ पर्यंत वाढवली होती. फेब्रुवारीत काका दाखला द्यायला गेले, तेव्हा काकूंना बरोबर घेऊन गेले. तेथे पेन्शनचे कागद काकूंनी प्रथमच वाचले. आपल्यामागे पत्नीला निम्मी पेन्शन, म्हणजे १,०५९ रुपये मिळतील, हे काकांनी त्यांना प्रथमच सांगितले. आणि कागदावर काकूंचे नाव एक, आधार कार्डावर दुसरेच, हेही तेव्हाच लक्षात आले. माहेरचे नाव आणि सासरचे नाव यांचा घोटाळा. ते दुरुस्त करायला दोन महिने आणि चार फेऱ्या लागल्या. काका हयात असताना त्या फेऱ्या झाल्या म्हणून बरे. नंतर झाल्या असत्या तर काकूंना एकट्याने त्या कशा झेपल्या असत्या?

१ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील नागरिकांचे लसीकरण सुरू झाले. दोघांची नोंदणी आम्ही करून दिली. रांगेत काका-काकू शेजारी शेजारी बसले होते. वर्षभरात दोघे मिळून घराबाहेर पडण्याची ती दुसरीच वेळ होती.

या अनुभवातून आपल्या वाचक कुटुंबांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. त्यासाठी पुढच्या महामारीची वाट पाहू नये.

१. पेन्शनचे पुस्तक, बँकेचे पासबुक आणि आधार कार्ड या तिन्हींवर पती-पत्नीची नावे एकसारखी आहेत का, हे आजच पडताळून पाहावे.

२. बँकेचे खाते शक्यतो दोघांच्या नावावर असावे. पोस्टातील ठेवीला वारस नोंदवलेला असावा. पत्नीने महिन्यातून एकदा तरी स्वतः बँकेत जावे, स्लिप स्वतः भरावी.

३. दोघांच्या औषधांची नावे आणि वेळा एका कागदावर लिहून तो कागद दाराच्या मागे चिकटवावा. धावपळीच्या वेळी शेजाऱ्यालाही तो वाचता आला पाहिजे.

४. निवृत्त पुरुषाने किमान डाळ, भात आणि भाकरी शिकून घ्यावी. त्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो उपाशी बसून आजारी बायकोची वाट पाहण्यात.

५. वस्तीत मदतीची यादी करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पेन्शन आहे का एवढेच विचारू नये, किती आहे तेही विचारावे. आणि वृद्धांना केवळ मदत देऊ नये, झेपेल असे कामही द्यावे.

मुलासुनांनाही एक विनंती. आईवडिलांना फोन केला की आपण वडिलांना विचारतो, "पेन्शन आली का?" आणि आईला विचारतो, "आज काय केलेस जेवायला?" एखाद्या दिवशी हे प्रश्न उलटे विचारून पाहावेत.

पोळीभाजी केंद्र पुढे २०२१ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाले. काकूंनी पन्नासाऐवजी तीसच पोळ्या घेतल्या. कणीक काका मळतात. त्या वेळी आम्ही पुन्हा वही पाहिली. 'किरकोळ' ही ओळ खोडलेली होती आणि तेथे काकांच्या रेखीव अक्षरात लिहिले होते: 'सौ. ची कमाई, पोळ्या ३०'. त्याखाली काकूंनी आपल्या हाताने एक शब्द वाढवला होता: 'दोघांची'.

प्रत्येक घरात अशी एखादी वही असते, कागदाची नाहीतर मनातली. आपल्या घरातील वही एकदा उघडून पाहावी आणि 'किरकोळ' या शब्दाखाली कोणाचे नाव झाकले गेले आहे, ते शोधावे. सापडले तर ते नाव आपल्या हाताने लिहावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.